तुझ्या मशीनमध्ये माझं नाव

दत्ता, तुझं मशीन मी उघडलं. आता तुला विचारायची सोय उरलेली नाही, म्हणून आधी हेच सांगून टाकतो. तू गेल्यावर सोळाव्या दिवशी, भर दुपारी, तुझ्या खुर्चीवर बसून, तुझ्या बायकोच्या देखत उघडलं. मदत करायला चाललोय असं मी गल्लीत सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी पुरावा शोधायला गेलो होतो.

मंगलवहिनींनी निरोप पाठवला होता. तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेली पाच-सहा मशीनं तशीच पडली होती, माणसं येऊन विचारत होती, आणि कुणाच्या मशीनला काय करायचं ठरलंय हे सगळं तुझ्या मशीनमध्ये. तिथे तर तुझं ते लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टीम. आष्टीत ते येणारा तू एकटा. बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं चालू करून पाहिलं म्हणे आणि हात जोडून निघून गेला. म्हणून वहिनींनी मला बोलावलं. चार वर्षं तुझ्याशी एक शब्द न बोललेल्या माणसाला. निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? ही बाई मला कशात तरी अडकवायला बघतेय. मी असा आहे. तुला नव्यानं सांगायला नको.

आपण दोघं एकाच क्लासात कॉम्प्युटर शिकलो आणि एकाच गाळ्यात दुकान टाकलं. डावीकडे माझं टेबल, म्हणजे लग्नपत्रिका, बॅनर, बिलबुकं. उजवीकडे तुझं, म्हणजे उघडी पडलेली मशीनं आणि त्यांच्या पोटातून बाहेर आलेल्या तारा. पाटीवर मात्र माझ्या आईचं नाव, इंदू प्रिंटर्स. आपलं नाव का नाही, असं तू कधी विचारलं नाहीस. मला त्याचाही संशय यायचा. ज्याला काहीच नको असतं त्याला नक्की काहीतरी मोठं पाहिजे असतं, असं मी तेव्हा छातीठोकपणे म्हणायचो.

गिऱ्हाईक आलं की तुझा पहिला प्रश्न ठरलेला. "काम काय हाय तुमचं?" लोक वैतागायचे. त्यांना कॉम्प्युटर नीट करून हवा असायचा, मुलाखत नको असायची. पण तू सोडायचा नाहीस. मशीन म्हणजे घर, सिस्टीम म्हणजे घरातला कारभारी, आणि कारभारी घरच्या कामाला शोभला पाहिजे, हे तू इतक्यांदा सांगितलंस की माझ्या कानात भुंगा बसला होता.

ते रिटायर झालेले पोस्टमन आठवतात? जुनंपुराणं मशीन पोत्यात गुंडाळून घेऊन आले होते. त्यांना फक्त कीर्तनं ऐकायची होती आणि पुण्याच्या नातीचं तोंड बघायचं होतं. तू त्याच्यावर लिनक्समधलं सगळ्यात हलकं काहीतरी टाकलंस आणि म्हातारबाबा तंबाखू मळायच्या आत ते चालू झालं. तलवाड्याचा फोटोवाला आला, त्याला तू सरळ सांगितलंस की तुमचं अल्बमचं काम विंडोजवरच होणार, माझ्या नादी लागू नका, पण घ्याल ते अस्सल घ्या, कॉपी मारलेलं नको. परळीची एक पोरगी इंजिनिअरिंगला होती, तिच्या लॅपटॉपवर दोन्ही टाकून दिलंस. चालू करताना ते विचारायचं, आज कोण पाहिजे. ऊसतोडीच्या मुकादमाकडे टोळ्यांच्या याद्या करायचा एक जुना प्रोग्रॅम होता, तो दुसऱ्या कशावर चालेना, म्हणून त्याला जे होतं तेच ठेवायला लावलंस. आणि तो एक जण, ज्याला मेव्हण्यासारखं पांढरं महागातलं मशीन हवं होतं. तू विचारलंस, "मेव्हण्यावानी दिसायचंय का काम करायचंय?" तो बिचारा खरं बोलला. "दिसायचंय." तू म्हणालास, "मग तेच घ्या, लई चांगलं हाय." मी माझ्या टेबलावर पोट धरून हसलो होतो.

हसायचो, पण बारीक लक्षही ठेवायचो. मला ते फुकटाचं प्रकरण कधी पटलं नाही. जगभरातली हुशार माणसं खपून खपून एवढी मोठी सिस्टीम करतात आणि वाटून टाकतात, का म्हणून? एकदा मी तुला धरलंच.

"फुकट कावून वाटतील बे? कायतरी असनारच की आत."

"भजनी मंडळ फुकटच वाजवतंय की. तेंच्या मृदंगात काय हाय आत?"

"भजनी मंडळाला चहा तरी मिळतो."

"मग ह्येंला बी मिळत आसल कुटंतरी," असं म्हणून तू पुन्हा स्क्रू फिरवायला लागलास. तुला भांडता यायचं नाही हीच माझी मोठी अडचण होती.

मग मी माझं उत्तर मीच शोधून काढलं. तालुक्यात ज्याचं ज्ञान दुसऱ्या कुणाला नाही तेच तू लोकांच्या मशीनमध्ये घालतोस, म्हणजे बिघडलं की माणूस आयुष्यभर तुझ्याच दारात. हे मी गिऱ्हाइकांना हळूच सांगायचोसुद्धा. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला वाटायचं की मी लोकांना सावध करतोय. वर तुझा उलटा कारभार. मला तू लिनक्स घे असं एकदाही म्हणाला नाहीस. उलट म्हणायचास, "तुजं काम विंडोजचंच हाय. पर अस्सल घे, जुना फाँट सोड, आन सगळ्या पत्रिकांची एक कॉपी भाईर ठेव." गावाला फुकटातलं आणि मला विकतचं! माझा संशय दुप्पट झाला.

माझा फाँट सोडणं सोपं नव्हतं. पत्रिकेतली ती जुनी वळणदार मराठी अक्षरं, मशीनच्या मागे पेनड्राईव्हएवढं एक छोटं लॉक खोचलं तरच दिसायची. लॉक काढलं किंवा फाइल दुसऱ्या मशीनवर नेली की चित्रं तेवढी राहायची आणि 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरा पडायचा. तू म्हणायचास, असलं कुलपातलं काम काय कामाचं. मला तर तेच आवडायचं. कुणी फाइल पळवली तरी त्याच्या हाती भुसा लागणार. चोर यायच्या आधीच मी चोराचा बंदोबस्त करून बसलो होतो.

आणि मग खंडेनवमी आली.

आपल्याकडे त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. लोहार ऐरणीला हात लावत नाही, शिंपी मशीन झाकून ठेवतो, आपणही कॉम्प्युटर पुसून, पाटावर मांडून, हळदीकुंकू लावून बंद ठेवायचो. सकाळी पूजा करून मी झेंडू आणायला बाजारात गेलो. परत येऊन बघतो तर माझ्या मशीनचं झाकण काढलेलं, त्याची डिस्क बाहेर, तिची तार तुझ्या लॅपटॉपला जोडलेली, आणि तुझ्या बोटांना माझ्या पूजेचं कुंकू.

"आजच्या दिसाला तरी मशीन मोकळं घावलं," तू वर न बघता म्हणालास. "बाकीच्या दिसाला तू उठतोस का तितून? कॉपी करून घेतली. झालंच हाय."

मला काय झालं ते मलाच कळलं नाही. झेंडूची पिशवी मी फेकली. "पुजंतलं हत्यार उचलतो? चोर हायस बे तू! चोर!" हे मी दुकानात बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी पायरीवर येऊन बोललो. समोरचा चहावाला, शेजारचा शिंपी, बांगड्यावाल्या आजी, सगळी गल्ली वळून बघायला लागली. आणि त्याच वेळी मंगलवहिनी नैवेद्याचं ताट घेऊन पायरीपाशी आल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं नाही, आत आल्या नाहीत, तशाच मागे फिरल्या.

तू एवढंच म्हणालास, "गण्या, इचारायला पायजे होतं, चुकलं." माझी डिस्क मशीनमध्ये परत नीट बसवलीस, चारी स्क्रू आवळलेस, आपली पिशवी घेतलीस आणि गेलास. कॉपी मात्र घेऊन गेलास. हे मी पक्कं लक्षात ठेवलं. आजही मला वाटतं की तू विचारायला हवं होतंस. मी नाही म्हणालो असतो, हे तुला माहीत होतं म्हणून तू विचारलं नाहीस, हे मला समजतं, पण हा वाद माझ्या बाजूनं अजून मिटलेला नाही.

महिन्याभरात तू चार शटर सोडून दुकान थाटलंस. त्याच लग्नसराईत माझं मशीन बसलं. कुणाच्या तरी पेनड्राईव्हमधून व्हायरस आला, माझं विंडोज कॉपी मारलेलं, त्याला ना अपडेट ना राखण, आणि बारा वर्षांच्या पत्रिका एका सकाळी नाहीशा झाल्या. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तर चहावाला एक खोकं घेऊन आला. "दत्ताभाऊनं दिलंय. म्हन्ले, तुमचंच हाय." आत डिस्क होती.

मी ती जोडून पाहिली नाही. मी काय म्हणालो, ते चहावाल्यानं तुला सांगितलंच असेल. मी म्हणालो, किडा त्यानंच सोडलाय आणि आता औषध पाठवतोय, परत ने. दत्ता, बारा वर्षांचं माझं काम माझ्या हातात होतं आणि मी ते संशयापायी परत केलं. एवढा शहाणा माणूस आष्टी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही.

मग त्या तीन पत्रिका आल्या. माझीच जुनी गिऱ्हाइकं, ज्यांच्या थोरल्या मुलांच्या पत्रिका मी केल्या होत्या. त्यांना धाकट्यांच्या पत्रिकाही हुबेहूब तशाच हव्या होत्या. माझ्याकडे काही उरलं नव्हतं, मी त्यांना परत पाठवलं, आणि ते तुझ्याकडे गेले. पत्रिका माझ्या घरी आली तेव्हा बघतो तर तीच मोरांची चौकट, तोच कलश, आणि सगळ्यात खाली, मुद्रकाचं नाव लिहितात तिथे, बारीक अक्षरात, इंदू प्रिंटर्स, आष्टी.

मला आनंदच झाला. खरं सांगतो, आनंद झाला. चोर सापडला! ती पत्रिका मी खिशात घालून महिनाभर फिरलो. चहाच्या टपरीवर काढून दाखवायचो. "बगा, माजी फाइल उचलली आन खालचं नाव काडायचं बी सुचलं न्हाई." लोक बघायचे, मान हलवायचे. मला वाटायचं, त्यांना पटतंय.

त्यानंतर तुझ्या दुकानावरून जाताना मी मान वळवून जायचो. तुझं छातीचं दुखणं, नगरच्या दवाखान्यातल्या फेऱ्या, हे मला उडत उडत कळत होतं. चहावाला एकदा म्हणाला, "यकदा जाऊन या, दत्ताभाऊ तुमचं नाव काडत हुते." मी म्हणालो, असेल काहीतरी काम. आजारपणात माणूस कागदावर सह्या मागतो, असलं काहीतरी मी बोललो. आठ दिवसांनी तू गेलास. तेराव्याला मी आलो, मागच्या पंगतीत बसलो आणि हात धुवायच्या निमित्तानं उठून न जेवता निघालो. पानात वाढलेलं तसंच राहिलं.

तर ती दुपार. वहिनींनी पासवर्ड सांगितला. मी घाबरत घाबरत तुझं लिनक्स चालू केलं. मला वाटलं होतं काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळतील, पण साधंच होतं, माझ्यासारख्यालाही कळेल असं. गिऱ्हाइकांची यादी समोरच होती. कुणाचं काय काम, त्याला कोणती सिस्टीम, का, आणि शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ: पासवर्ड त्यांच्या घरी लिहून दिला आहे, माझ्याकडे ठेवलेला नाही. म्हणजे माझी ती दारात अडवून ठेवायची गोष्ट तिथेच कोसळली. तरी मी थांबलो नाही. मी माझ्या फाइली शोधत होतो.

सापडल्या. 'गणेश' नावाचा फोल्डर. आत बारा वर्षांचं सगळं. आणि वेगळ्या काढलेल्या त्या तीन पत्रिका. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांना दिसू नये म्हणून मी खुर्ची जरा फिरवली. हाच तो पुरावा.

मी आधी माझी मूळ फाइल उघडली. मोर आले, कलश आला, आणि अक्षरांच्या जागी इंग्रजीचा चुरा. बरोबरच होतं. माझा फाँट तिथे नव्हता, माझं लॉक तिथे नव्हतं, तुझ्या सिस्टीमवर माझं एक अक्षर वाचता येत नव्हतं. वधूचं नाव चुरा, मुहूर्त चुरा. आणि खाली, जिथे इंदू प्रिंटर्स असायला हवं, तिथेही चुरा.

मग मी तुझी फाइल उघडली. सगळं स्वच्छ, नव्या फाँटात. आणि खाली इंदू प्रिंटर्स, आष्टी.

दत्ता, मी तिथेच गार पडलो. पत्रिकांचा धंदा मी सोळा वर्षं करतोय, हे मला चार वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. खालचं नाव काढायचं तू विसरला नव्हतास. फाइलीतून तुझ्याकडे ते नाव आलंच नव्हतं. ज्या सिस्टीमवर माझं काही उमटूच शकत नव्हतं, तिच्यावर बसून तू माझ्या आईचं नाव एक एक अक्षर स्वतःच्या हातानं टाइप केलं होतंस. तीनदा. मी मला गल्लीत चोर म्हणणाऱ्या माणसाचं नाव माझ्या कामाखाली कधीच घातलं नसतं.

फोल्डरमध्ये आणखी होतं. माझ्या सगळ्या पत्रिका तू अशाच नव्या फाँटात उतरवायला घेतल्या होत्या. कुठे वेलांटी चुकलेली, कुठे एखादं आडनाव अर्धवट, अर्ध्याच्या वर काम झालेलं. माझ्यासाठी करत होतास, की शेवटी माझ्यापुढे टाकून 'बघ, सुटतो का नाही जुना फाँट' म्हणायला? मला अजून खात्री नाही. दोन्ही असेल. तुला भांडता येत नव्हतं, पण जिंकायला आवडायचं.

मी रडत होतो हे मला वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा कळलं.

"घावलं का तुमाला?" त्यांनी विचारलं. म्हणजे मी कशाला आलोय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"वैनी, त्यानं काय चोरलं न्हाई."

"ते मला म्हाईत हाय. मीच जुनी छापील पत्रिका वाचून दावायची, ते टाइप करायचे. मला कशाला सांगता?" त्यांचा आवाज चढला नाही, पण माझ्याकडे बघणं त्यांनी सोडलं नाही. "तुमी गल्लीत बोलला हुता. गल्लीत सांगा."

मी उठलो. तुझ्या पायरीवर उभा राहिलो. चहावाला होता, शिंपी होता, बांगड्यावाल्या आजी होत्या, दोन-चार गिऱ्हाइकं होती. मी जितक्या जोरात तेव्हा ओरडलो होतो तितक्याच जोरात बोललो. दत्तानं माझं काही चोरलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो. त्यानं माझं काम राखलं आणि त्याच्यावर माझंच नाव घातलं.

मला वाटलं होतं लोक शिव्या देतील, निदान चपापतील. शिंप्यानं मशीन थांबवलं नाही. आजींनी बांगड्यांची पेटी नीट लावली आणि म्हणाल्या, "आमाला म्हाईत हाय की रं. दत्ता आन चोर? कोन मानतंय." चहावाला म्हणाला, "गनेशभाऊ, तुमचा सोभाव गल्लीला ठाऊक हाय. तुमी पत्रिका दावायचा तवा आमी नुस्ती मान हालवायचो. येका बी मानसानं खरं धरलं न्हाई."

मी वहिनींकडे वळलो. त्या पदराचं टोक हातात गच्च धरून उभ्या होत्या.

"खरं म्हन्ता?" त्या चहावाल्याला म्हणाल्या. "मग तेंना कुनी सांगितलं कावून न्हाई? चार वर्सं ते पुढल्या दारानं आले न्हाईत दुकानात. लोकं काय म्हनत आसतील म्हनून मागल्या नाल्याच्या कडंनं यायचे, शेवटी शेवटी तर दम लागायचा, तरी तितूनच."

शिंप्यानं आता मशीन थांबवलं.